उसनी जमीन आणि घुमणारा आवाज

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. त्यानंतर संदेशवहनाच्या मदतीला जे धावून आले त्यांत हौशी रेडिओचालक, म्हणजे ‘हॅम’, होते. अशा वेळचा संदेश म्हणजे गावाचे नाव, जखमींचा आकडा, औषधाचे नाव. त्यातले एक अक्षर चुकले तरी मदत भलतीकडे जाऊ शकते. म्हणून आज बरेच हॅम रेडिओला संगणक जोडतात. संगणक अक्षरांचे सूर बनवतो, रेडिओ ते सूर पाठवतो आणि पलीकडचा संगणक त्यांची पुन्हा अक्षरे करतो.

पण जोडणी करताच पुष्कळदा सुरांआधी ऐकू येतो तो एक सलग ‘घूंऽऽ’ असा आवाज. दोन्ही यंत्रे वेगवेगळी चालवली तर ठणठणीत. जोडली की बिघडतात! हे कोडे संगणकाहून फार जुने आहे.

१८३८ मध्ये जर्मनीत श्टाइनहाइल यांनी दाखवून दिले, की तारायंत्राला दोन तारा लागत नाहीत. एक तार खांबांवरून न्यावी. परतीची वाट जमीनच देते. आपल्याकडे ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये कलकत्त्याजवळ केलेल्या प्रयोगांत परिपथाचा काही भाग हुगळी नदीच्या पाण्यातून नेला होता. निम्मी तार वाचली. तारायंत्राची टकटक दणकट होती. जमिनीतल्या किरकोळ विद्युतधारांनी तिचे फारसे बिघडत नसे.

१८७६ मध्ये दूरध्वनी आला आणि चित्र पालटले. त्याला आवाजातले बारकावे जपायचे होते. मुंबईत दूरध्वनी केंद्र १८८२ मध्ये सुरू झाले, त्या काळात बहुतेक ठिकाणी दूरध्वनीच्या तारा एकेरीच असत. पुढे अमेरिकेत विजेच्या ट्राम धावू लागल्या. त्यांची धारा रुळांतून परतताना जमिनीतही झिरपे आणि दूरध्वनीत घुमे. उपाय बेल यांनी १८८१ मध्येच सुचवला होता : परतीची स्वतंत्र तार द्या आणि दोन्ही तारांना पीळ घाला. म्हणजे बाहेरचा उपद्रव दोन्ही तारांत जवळजवळ सारखाच शिरतो आणि वजाबाकीत नाहीसा होतो. खर्च दुप्पट झाला, पण उसनी जमीन सोडावीच लागली.

१९९८ च्या सुमारास ब्रिटिश हॅम पीटर मार्टिनेझ यांची ‘पीएसके-३१’ ही पद्धत आली. तिला संगणकाचे साउंड कार्ड पुरे होई. त्यामुळे रेडिओ आणि संगणक साध्या ध्वनितारेने थेट जोडले जाऊ लागले. या तारेत आतली वाहक तार एकच. परतीची वाट म्हणजे तिच्यावरचे जाळीदार आवरण. ते दोन्ही यंत्रांच्या धातूच्या पेटीला, म्हणजेच अर्थिंगला जोडलेले. जुनी एकेरी तार नव्या वेषात परत आली!

समजा, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शाळेत रेडिओ प्रयोगशाळेत आहे, संगणक शेजारच्या खोलीत, आणि दोन्ही खोल्यांचे अर्थिंगचे खड्डे वेगळे. आपली काळी जमीन ओली असताना वीज बरी वाहून नेते. मे महिन्यात ती भेगाळली, की खड्ड्यांचा रोध वाढतो, आणि दोन्हींचा सारखाच वाढेल असे नाही. समजा, त्यांच्यात ०.०५ व्होल्ट विभवांतर आले आणि त्याचा दहावा हिस्सा आवरणाच्या दोन टोकांत दिसला. तो झाला ०.००५ व्होल्ट, म्हणजे जवळपास माइकच्या संकेताएवढाच. मग ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटीतले सूर ऐकू येणारच.

निदान विद्यार्थ्यांकडून करून घ्यावे. लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवा. घूं थांबली तर दोष अर्थिंगच्या वळशाचा. आवाज फक्त प्रक्षेपण करताना बिघडत असेल, तर रेडिओलहरी तारेत शिरत आहेत. तारेवर फेराइटचे कडे चढवा. घूं नाही, पण आवाज फाटका येतो? मग संगणकाचा आवाज कमी करा; त्याच्या हेडफोनच्या खाचेतून माइकच्या शेकडोपट व्होल्टता मिळू शकते.

वळसा तोडण्यासाठी दोन्ही यंत्रे आधी एकाच बोर्डावर घ्यावीत. तरीही घूं उरली, तर येण्याच्या आणि जाण्याच्या अशा दोन्ही वाटांवर ६०० ओहमचे, १:१ गुणोत्तराचे छोटे ध्वनिरोहित्र बसवावे. रोहित्रात संकेत चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो. दोन वेटोळ्यांना धातूने जोडण्याची गरज नसते. आवरण मात्र रोहित्राच्या दोन्ही बाजूंना जोडू नये, नाहीतर वळसा पुन्हा पूर्ण होईल.

प्लगची अर्थिंगची पिन काढूनही घूं थांबते, आणि हा उपाय कोणी ना कोणी सुचवतोच. तो कधीही करू नये. यंत्रात बिघाड होऊन पेटीत वीज उतरली, तर तिला जमिनीत नेणारी वाट तीच असते. ती तोडली, तर पेटीला हात लावणाऱ्या विद्यार्थ्याच्या अंगातून वीज जाईल. आवाजाची परतवाट वेगळी करायची आहे. जीव वाचवणारे अर्थिंग जागच्या जागी राहिले पाहिजे. वर्गात हा प्रयोग करण्यापूर्वी एवढा फरक फळ्यावर आकृती काढून समजावून द्यावा.