डेक, केबिन आणि अम्मीचे तिकीट

एहराम बांधला की राजा कोण आणि रयत कोण हे कपड्यांवरून कळत नाही, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ते खरेही आहे. पण मक्केच्या वाटेवर, म्हणजे पूर्वी जहाजात आणि आता विमानात, हा नियम कधी चालला नाही. तिथे ज्याच्या खिशात जास्त, त्याची जागा वरची. अकबराची फुफी गुलबदन बेगम १५७६ मध्ये सुरतेहून हजला निघाली ती शाही इतमामात. त्याच काळात त्याच समुद्रावरून जाणाऱ्या साध्या हाजींची नावेही कुणी लिहून ठेवली नाहीत.

हा इतिहास मी सध्या वाचतो आहे, त्याला कारण घरातलेच आहे. आमचे गाव पिंपरी पेंढार, कल्याण-नगर रस्त्यावर, ओतूर आणि आळेफाटा यांच्या मधे. अम्मी ७१ वर्षांची आहे, गुडघे दुखतात. तिला उमराहला जायचे आहे आणि सोबत धाकटा भाऊ जाणार आहे. त्याचे म्हणणे असे, की अम्मीने आयुष्यभर लाल एसटीच्या मागच्या बाकावर बसून प्रवास केला, निदान अल्लाहच्या घरी जाताना तरी तिला बिझनेस क्लासने नेऊ. एजंटाने सांगितलेला भाव इकॉनॉमीच्या तिपटीहून जास्त आहे. पैसे आहेत, पण ते कांद्याचे आहेत. दर वर्षी हाती लागतीलच असे नाही.

वरच्या वर्गाचे पैसे मोजणे योग्य की उधळपट्टी, हे ठरवायचे तर आधी खालचा वर्ग म्हणजे काय होता ते पाहायला हवे.

एकोणिसाव्या शतकात आगबोटी आल्या आणि मुंबई हे हिंदुस्थानातल्या हाजींचे मुख्य बंदर झाले. १८७७ मध्ये मुंबईत 'बॉम्बे अँड पर्शिया स्टीम नॅव्हिगेशन' ही कंपनी निघाली. पुढे हीच 'मुघल लाइन' म्हणून घराघरांत माहीत झाली. तिच्या जहाजांवर थोड्या केबिन असत आणि बाकी सगळे डेकवर. डेकचा हाजी म्हणजे स्वतःची चटई, स्वतःची पेटी, आणि शेजारी शेकडो अनोळखी माणसे. प्रवास दिवसांचा नव्हे, आठवड्यांचा. त्याशिवाय कामरान बेटावर क्वारंटाइन. कॉलऱ्याच्या भीतीने हाजींना तिथे उतरवून ठेवत.

डेकच्या माणसाची किंमत काय होती, हे १८८० मधल्या 'जेद्दा' जहाजाच्या घटनेवरून कळते. सिंगापूर आणि पेनांगहून हजारभर हाजी घेऊन निघालेल्या या जहाजात एडनच्या अलीकडे पाणी शिरले. कप्तान आणि गोरे अधिकारी होडीत बसून निघून गेले आणि जहाज बुडाल्याचे त्यांनी सांगितले. जहाज बुडालेच नव्हते. दुसऱ्या एका बोटीने ते हाजींसकट एडनला ओढत आणले. जोसेफ कॉनरॅडच्या 'लॉर्ड जिम' कादंबरीमागे हीच घटना आहे.

अशा अनुभवांनंतर कायदे कडक होत गेले. पॅरिसच्या १९२६ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य करारात हाजी जहाजावर माणशी दीड चौरस मीटर, म्हणजे १६ चौरस फूट जागा असावी असे ठरले होते. चार फूट लांब, चार फूट रुंद. एवढी जागा मिळावी म्हणूनही करार करावा लागला. म्हणून त्या काळात कुणी केबिनचे भाडे भरले असेल, तर त्याला दिखाऊ म्हणता येणार नाही. म्हाताऱ्या आईसाठी केबिन घेणारा मुलगा तिचा जीव वाचवत होता.

रेल्वेतही हेच होते. गांधीजींनी १९१७ मध्ये तिसऱ्या वर्गाच्या प्रवासावर लिहिताना एक साधा हिशोब मांडला. मद्रास ते मुंबई पहिल्या वर्गाचे भाडे तिसऱ्याच्या पाचपटीहून जास्त; पण तिसऱ्या वर्गातल्या प्रवाशाला पहिल्याच्या एक पंचमांश तरी सोय मिळते का? मला हा हिशोब फार उपयोगाचा वाटतो, कारण तो आज उलटा करून पाहता येतो. विमानात तिपटीहून जास्त पैसे देणाऱ्याला सोय तिप्पट मिळते का? मुंबईहून जेद्दाची थेट उड्डाणे साडेपाच तासांच्या आसपासची. विमान तेच, उतरण्याची वेळ तीच. इकॉनॉमीतल्या माणसालाही स्वतःची खुर्ची, जेवण, पाणी, स्वच्छतागृह. डेकवरच्या हाजीला यातले एकही धड मिळत नव्हते.

विमानाचा हा मधला वर्ग आला तोही कुणाच्या गुडघ्यांसाठी नाही. १९५२ मध्ये अटलांटिकवर स्वस्त 'टूरिस्ट' वर्ग सुरू झाला आणि पुढे सवलतीची तिकिटे वाढत गेली. पूर्ण भाडे भरणारा कंपनीचा माणूस स्वस्तात आलेल्या पर्यटकाशेजारी बसू लागला. त्याची कुरकुर मिटवायला १९७० च्या दशकाच्या अखेरीस 'बिझनेस क्लास' निघाला. त्याचे भाडे ठरते ते बहुतेकदा ज्याचे तिकीट कचेरी काढते, त्याला समोर ठेवून. ते कांद्याच्या पैशाने भरायचे की नाही, हा विचार त्या दरात कुठेच नाही.

याचा अर्थ वरचा वर्ग घेणे गुन्हा आहे असा नाही. दीनमध्ये प्रवासाची सोय हराम केलेली नाही, आणि हज फर्ज होतो तोच ऐपत असणाऱ्यावर. पाठीचे ऑपरेशन झालेल्या, पाय सुजणाऱ्या माणसाने आडवे होता यावे म्हणून पैसे मोजले, तर ती गरज आहे. पण परंपरेत हजरत उमर यांची गोष्टही सांगतात. जेरुसलेमला जाताना उंट एक आणि माणसे दोन, खलिफा आणि नोकर. दोघे आळीपाळीने बसले आणि शहराजवळ पोहोचताना पाळी नोकराची होती. उमर उंटावर बसायचे नाकारत नव्हते. दुसऱ्याचा वाटा ते विसरले नाहीत, एवढेच.

आमच्या घरात तो दुसरा वाटा फुफीचा निघाला. ती विधवा आहे, ओतूरला राहते. 'मलाही जायचंय' असे तिने कधी म्हटले नाही, कारण कुणी विचारले नाही. अम्मीनेच हिशोब केला: बिझनेस क्लासच्या जादा पैशात फुफीचे तिकीट निघते आणि तिच्या राहण्याचेही बरेचसे भागते. भाऊ एकीचा मुलगा, दुसरीचा भाचा. दोघींचा महरम तोच.

अम्मीच्या गुडघ्यांसाठी थेट विमान, पुढच्या रांगेतली पाय पसरता येतील अशी जागा आणि विमानतळावर व्हीलचेअर एवढे मागितले आहे. रांगेच्या जागेला थोडे जास्त पडले, ते आनंदाने दिले. भावाला अजून हळहळ वाटते, आणि त्याच्या मायेत काही खोट नाही.

हाजींची जहाजे १९९५ मध्ये कायमची थांबली. वर्ग मात्र राहिले. ते आता हरमपासून हॉटेल किती पावलांवर आहे यावरही मोजले जातात. ज्याला परवडते आणि गरज आहे, त्याने खुशाल घ्यावे. फक्त तिकीट काढण्याआधी पाहावे, की या जादा पैशात घरातले, गल्लीतले आणखी कुणी त्या वाटेवर निघू शकते का. पूर्वी डेकवरून माणूस वर आणायला कायदे लागले. आज घरातल्या घरात तेवढेच काम एका जास्तीच्या तिकिटाने होते.