स्टूल हे शस्त्र आहे काय?

गेल्या वर्षी एम. ए.च्या दुसऱ्या वर्षातील एका विद्यार्थिनीने आम्हां दोघांपुढे एक प्रश्न ठेवला : "मॅडम, सर, स्टूल हे शस्त्र आहे का?" प्रश्न अलंकारिक नव्हता. दर रविवारी मैत्रिणींच्या खोलीवर ती 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ खेळते. टेबलाभोवती पाचसहा जण बसतात. त्यांपैकी एक 'डंजन मास्टर' असतो (आम्ही त्याला येथे सूत्रधार म्हणू). तो जग आणि प्रसंग कथन करतो. इतरांनी एकेक पात्र घेतलेले असते. आपले पात्र काय करते ते प्रत्येकाने सांगायचे आणि ते साधले की फसले हे फाशांनी ठरवायचे. आमच्या विद्यार्थिनीचे पात्र 'फायटर', म्हणजे योद्धा वर्गातले. या योद्ध्याने तलवार न बाळगण्याचा पण केला आहे. तो हाती लागेल ते फेकतो. त्या रविवारी खानावळीत मारामारी जुंपली, योद्ध्याने आधी मातीचा कुजा भिरकावला, मग स्टुलाकडे हात नेला, आणि सूत्रधाराने त्याला थांबवले. वाद तासभर चालला. या वादावरच लघुप्रबंध लिहिण्याची तिची इच्छा होती.

आम्ही नकार दिला. नियमपुस्तक ही काही साहित्यकृती नव्हे, असे आम्ही तिला सांगितले. आणि सांगताना, खरे बोलायचे तर, ती पुस्तके आम्ही पाहिलीही नव्हती. नंतर तिनेच आणून दिली म्हणून चाळली, आणि एका क्षुल्लक नियमाच्या पन्नास वर्षांच्या इतिहासात आपण वर्गात ज्यावर घसा कोरडा करतो तोच प्रश्न उभा असल्याचे दिसले : वस्तूला नाव देण्याचा अधिकार कोणाचा, कथन करणाऱ्याचा की संहितेचा?

संस्कृत परंपरेत या बाबतीत फारसा घोळ नाही. हाती धरून चालवावे ते शस्त्र, फेकावे ते अस्त्र, हा भेद आपण शाळेतच शिकतो. अग्निपुराणातील धनुर्वेदाच्या प्रकरणात आयुधांचे पाच वर्ग सांगितले आहेत : यंत्रमुक्त, पाणिमुक्त, मुक्तसंधारित, अमुक्त आणि बाहुयुद्ध. पाणिमुक्त म्हणजे हातातून सुटणारे. आणि त्यात तोमराच्या शेजारी शिळा आहे. तोमर लोहार घडवतो, शिळा कोणीच घडवत नाही; तरी दोन्ही एका पंक्तीत, कारण वर्गीकरणाचा निकष घडण नसून क्रिया आहे. बकासुरावर झाड उपटून फेकणाऱ्या भीमाने 'अनधिकृत' आयुध वापरले, असे म्हणण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.

खेळाचा वंश मात्र वेगळा. तो प्रशियाच्या सैन्यातून येतो. १८२४ साली तरुण राइसविट्झने आपल्या वडिलांच्या कल्पनेवरून सिद्ध केलेल्या 'क्रीगस्पील' या युद्धखेळात नकाशा, ठोकळे, फासे आणि एक पंच होता. नियम काटेकोर होते. इतके की पुढे ते जाच वाटू लागले. १८७६ साली फर्डी दु व्हर्न्वा याने उलट बाजू मांडली : कोष्टके बाजूला ठेवा, अनुभवी पंचाच्या निर्णयावर खेळ चालू द्या. एकीकडे नियमबद्ध खेळ, दुसरीकडे मुक्त खेळ, हे दोन ध्रुव तेव्हापासूनचे आहेत. १८८० साली अमेरिकन सैन्याधिकारी टॉटन याने 'स्ट्रॅटेगॉस' हा ग्रंथ लिहिला. त्यातील एक तत्त्व आमच्या विषयाचे बीज आहे : खेळाडूला काहीही करून पाहण्याची मुभा असावी, त्याचे काय होते ते पंच ठरवील. हा ग्रंथ जवळजवळ विस्मृतीत गेला होता. १९६०च्या दशकात मिनेसोटातील डेव्हिड वेझली या तरुणाच्या तो हाती लागला. त्याच्या 'ब्राउनस्टाइन' या खेळातून त्याचा मित्र डेव्ह आर्नेसन याने आपले काल्पनिक जग उभारले, आणि आर्नेसन व गॅरी गायगॅक्स यांनी मिळून १९७४ साली तीन छोट्या पुस्तिका काढल्या. त्याच पहिल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'.

(एच. जी. वेल्सने १९१३ साली 'लिटल वॉर्स' हे बैठकीच्या खोलीत खेळायच्या लढाईचे पुस्तक लिहिले, त्यात स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेतून खरोखरच गोळा सोडायचा असे. म्हणजे या वंशावळीत एक पिढी अशीही होती जिने फेकणे फाशांवर सोपवले नव्हते. आम्हांला ती पिढी आवडते.)

१९७४च्या पुस्तिकांत सर्व शस्त्रांची इजा सारखीच होती : सहा बाजूंचा एक फासा. खंजीर असो की परशू, फासा तोच. हा दोष मानला गेला आणि १९७५च्या 'ग्रेहॉक' या पुरवणीत प्रत्येक शस्त्राला आपापला फासा मिळाला. वास्तवाच्या दृष्टीने ही सुधारणाच. पण तिचा एक परिणाम बहुधा कोणी हेरला नाही. सर्व शस्त्रे समान होती तोवर स्टूलही त्यांच्या बरोबरीने बसू शकत होते. कोष्टक आले आणि कोष्टकाबाहेरचे असे काही प्रथमच अस्तित्वात आले. आपल्याकडे प्रमाणभाषेचे व्याकरण छापले गेले आणि त्याच दिवशी काही बोलणाऱ्यांचे बोलणे 'अशुद्ध' झाले, त्यातलाच हा प्रकार.

त्या काळी फेकायची लाडकी वस्तू म्हणजे तेलाची कुपी. कंदिलासाठी घेतलेले तेल शत्रूच्या अंगावर ओतायचे आणि वर मशाल टाकायची. १९७९च्या सूत्रधारांसाठीच्या ग्रंथात गायगॅक्सने अशा फेकीच्या कुप्यांसाठी स्वतंत्र परिच्छेद लिहिला. त्यातील एक तपशील आम्हांला महत्त्वाचा वाटतो : नेम चुकला तर कुपी कोठे पडते तेही फाशाने ठरवायचे. या तपशिलाकडे आम्ही पुन्हा येऊ.

२००० साली तिसरी आवृत्ती आली (१९९७ साली मूळ प्रकाशन संस्था 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट'ने विकत घेतली होती), आणि २००३ साली तिची सुधारित प्रत. येथे 'ऐनवेळच्या शस्त्रा'ची रीतसर व्याख्या मिळते. जी वस्तू शस्त्र म्हणून घडवलेली नाही, ती वापरणारा कितीही निष्णात असो, त्या वस्तूपुरता अडाणी समजावा. त्याच्या फाशातून ४ वजा करावे. फेकीचा टप्पा दहा फुटांचा धरावा. इजा किती, हे यादीतील मिळत्याजुळत्या शस्त्रावरून ठरवावे. अग्निपुराणाच्या नेमका उलटा निकष! येथे विचारले जाते ते एवढेच की, ही वस्तू कशासाठी बनली? तिचे आत्ता काय चालले आहे, याला दुय्यम स्थान.

दंड आला की दंडातून सुटण्याच्या वाटाही येतात, आणि येथून आमच्या विद्यार्थिनीच्या योद्ध्याचे खरे पूर्वज सुरू होतात. २००१ साली 'मद्यधुंद गुरू' हा लढवय्या खेळात आला. त्याचे मूळ जॅकी चॅनच्या १९७८च्या चित्रपटाकडे जाते हे नावावरूनच कळते. त्याच्या हातात बाक, शिडी, घडवंची काहीही शोभते. पण सर्वांत अजब पूर्वज म्हणजे २००३च्या 'कम्प्लीट वॉरियर' या ग्रंथातील 'हल्किंग हर्लर'. राक्षसी आकाराच्या पात्रांनीच पत्करायची ही तीन पायऱ्यांची वाट. तिच्यात फेकलेल्या वस्तूची इजा तिच्या वजनावरून मोजली जाते, जितके वजन अधिक तितके फासे अधिक. वरवर पाहता निरुपद्रवी. पण त्याच आवृत्तीत शक्तीचा आकडा दहाने वाढला की उचलता येणारे वजन चौपट होत असे. हे दोन नियम वेगवेगळ्या पानांवर आणि वेगवेगळ्या हेतूंनी लिहिलेले. खेळाडूंनी ते शेजारी ठेवले. शिवाय त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका ग्रंथात 'वॉर हल्क' नावाची दहा पायऱ्यांची वाट होती, तिच्यात दर पायरीला शक्ती दोनने वाढे. मोबदल्यात पात्र बुद्धीची सर्व कौशल्ये गमावून बसे. विचार करायला वेळच नाही, असे कारण नियमात दिलेले आहे. या तिन्ही गोष्टी जुळवल्या की फाशांची संख्या मुठीत मावेनाशी होते. कागदावर उभा राहिलेला हा फेकणारा मग कोणत्याही खेळात उतरवता येत नसे. कोणता सूत्रधार त्याला दारात उभा करील?

होमरच्या 'इलियड'मध्ये डायोमिडीज जो दगड उचलून ईनीअसवर टाकतो, तो आजच्या काळची दोन माणसेही उचलू शकणार नाहीत, असे कवी सांगतो. येथे वजनाचे काम मोजमापाचे नाही. तो काळ आणि हा काळ यांतले अंतर त्या दगडात भरलेले आहे. 'हल्किंग हर्लर'च्या कर्त्यांनीही बहुधा असाच एखादा दगड डोळ्यांपुढे ठेवला असावा. पण अतिशयोक्ती अलंकार कोष्टकात बसवला की तो अलंकार राहत नाही, ते समीकरण होते. आणि समीकरण शेवटपर्यंत सोडवणारा कोणीतरी निघतोच. आम्ही त्या खेळाडूंना दोष देत नाही. त्यांनी संहितेचे सूक्ष्मवाचन केले, एवढेच.

२००९ साली 'पाथफाइंडर' या सहोदर खेळाने दंडातून सुटका सोपी केली : एक कसब घ्या, काहीही बिनदिक्कत फेका. पाचवी आवृत्ती (२०१४) उलट टोकाला गेली. तिने कोष्टक जवळजवळ मोडीतच काढले. ऐनवेळच्या शस्त्राला चार बाजूंचा फासा, वीस फुटांपर्यंत सरळ फेक, साठ फुटांपर्यंत अवघड फेक, बस्स. उदाहरणांच्या यादीत तळणीच्या तव्यापासून गाडीच्या चाकापर्यंत वस्तू आहेत आणि मेलेला गॉब्लिनही आहे. टेबलाचा पाय सोट्यासारखा मानावा की नाही, हे सूत्रधाराच्या मर्जीवर. म्हणजे दु व्हर्न्वा परत आला. यादीतली तलवार फेकली तरी तिचाही चारचाच फासा; उंची तलवार आणि भाकरीचा तवा हातातून सुटताच सारखे होतात. आम्हांला यात एक विलक्षण समता दिसली.

तरीही योद्धा घडवणाऱ्याची अडचण वेगळ्याच ठिकाणी निघाली. फायटर वाढत जातो तसे त्याचे हल्ले वाढतात : पाचव्या पायरीला दोन, अकराव्याला तीन, विसाव्याला चार. पण एका पाळीत एकच वस्तू फुकट उचलता येते. चार फेकी आणि एक उचल! २०२० साली फेकीच्या शस्त्रांसाठी नवी युद्धशैली आली, ती फेकतानाच पुढचे शस्त्र काढू देते आणि इजाही दोनने वाढवते. परंतु ज्या शस्त्राच्या नोंदीत 'फेकीचे' असा शब्द छापला आहे त्यालाच. भाला चालतो. स्टुलाच्या नावे नोंदच नाही.

२०२४च्या सुधारित ग्रंथात 'टॅव्हर्न ब्रॉलर', म्हणजे खानावळीतला मारामारीबाज, हे कसब पात्राला अगदी आरंभापासून घेता येते आणि त्याने ऐनवेळच्या शस्त्रांचे अडाणीपण जाते. शिवाय प्रत्येक हल्ल्यासोबत एक शस्त्र हाती घेण्याची मुभा आली, जमिनीवरून उचलणेही त्यात धरलेले. अडचण संपली असे वाटते. पण त्याच ग्रंथात ऐनवेळच्या शस्त्राची व्याख्या अशी आहे की, वस्तू शस्त्र म्हणून हाताळली जाते तेव्हा ती ऐनवेळचे शस्त्र. निकष घडणीवरून क्रियेकडे सरकला. अग्निपुराणाच्या अगदी जवळ आला. आणि तेथेच खानावळीत आमच्या विद्यार्थिनीचा हात अडला. कुजा तिने फुकटच्या उचलीत घेतला. दुसऱ्या हल्ल्यासोबत शस्त्र उचलता येते. पण जमिनीवरचे स्टूल अजून कोणी हाताळलेले नाही. उचलल्याशिवाय ते शस्त्र नाही, आणि शस्त्र नसल्यामुळे उचलता येत नाही. सूत्रधाराचे म्हणणे अक्षरशः बरोबर होते. ती म्हणाली, "मी त्याच्याकडे शस्त्र म्हणून पाहिलं तेव्हाच ते झालं." मतभेद आम्हां दोघांतही आहे. एकाच्या मते सूत्रधाराने अक्षर राखले ते योग्यच, नाहीतर हल्किंग हर्लर पुन्हा दारात येतो. दुसऱ्याच्या मते ज्या खेळाचे बीज 'काहीही करून पाहा' हे आहे, त्यात हात अडवणे हाच नियमभंग.

लघुप्रबंधाला आम्ही अखेर मान्यता दिली. तिने 'ओडिसी'शी तुलना केली आणि ती करताना आम्हांला न सुचलेले काही दाखवले. भिकाऱ्याच्या वेषात घरी परतलेल्या ओडिसियसवर त्याच्याच दालनात तीनदा वस्तू फेकल्या जातात : सतराव्या सर्गात अँटिनोअसचे पायस्टूल, अठराव्यात युरिमाकसचे, विसाव्यात क्टेसिपसने फेकलेला बैलाचा खूर. पहिले खांद्यावर लागते, तरी तो खडकासारखा उभा राहतो. दुसरे चुकते आणि मद्य वाढणाऱ्या सेवकाच्या हातावर बसते. सुरई खणकन जमिनीवर पडते. तिसऱ्या वेळी तो केवळ मान कलती करतो. तिने लिहिले की, पाचव्या आवृत्तीत हे तिन्ही प्रसंग सारखेच लिहिले जातील : चार बाजूंचा फासा, लागले किंवा चुकले. चुकलेले स्टूल कोठे गेले हे नियम विचारतच नाही. सेवकाच्या हातापर्यंत ते पोहोचवायचे तर १९७९च्या त्या तेलाच्या कुपीचा नियम उसना घ्यावा लागतो. आणि पुढे बाविसाव्या सर्गात, दालनातली शस्त्रे आधीच हलवलेली असताना, तोच युरिमाकस बाणांपुढे टेबले ढालीसारखी धरा म्हणून ओरडतो. तिच्या रविवारच्या मंडळीत आता चुकलेल्या वस्तूसाठी आठ बाजूंचा फासा टाकतात. स्टूल उचलू द्यायचे की नाही, यावर अजून एकमत नाही.