वैद्यकीय प्रमाद आणि रुग्णनोंदी : महाराष्ट्रातील अनुभव (१९८६-२०२२)

रुग्णालयातील प्रमाद हा सामान्यतः एखाद्या व्यक्तीचा दोष मानला जातो. महाराष्ट्राचा अनुभव मात्र व्यवस्थेतील उणिवांकडे लक्ष वेधतो.

१९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मेंदूतील व डोळ्यांतील दाब कमी करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या ग्लिसरॉलमुळे १४ रुग्ण दगावले. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंडास घातक द्रव्य मिसळले होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने औषध खरेदी व तपासणीतील शैथिल्य उघड केले. भेसळ ओळखणे हे प्रयोगशाळेचे काम होय; संगणक ते करू शकत नाही. परंतु एका केसपेपरवर एकच मृत्यू दिसतो. अनेक मृत्यूंमागे औषधाची एकच खेप आहे, हे सर्व विभागांच्या नोंदी एकत्र पाहिल्यावरच ध्यानात येते. असे एकत्रीकरण त्वरित करणे, हे माहिती तंत्रज्ञानाचे खरे सामर्थ्य होय.

पाश्चात्त्य संशोधनातून या सामर्थ्याच्या दोन्ही बाजू समोर आल्या. १९९८ मध्ये बोस्टन येथील अभ्यासात संगणकावर औषधादेश नोंदविल्याने औषधोपचारातील गंभीर चुका ५५ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. उलट २००५ मध्ये पेनसिल्व्हानिया विद्यापीठाच्या रुग्णालयातील अभ्यासाने अशाच प्रणालीमुळे संभवणारे चुकांचे २२ प्रकार नोंदविले. सदोष रचनेचे यंत्र जुन्या चुका टाळताना नव्या चुकांना वाट करून देते.

भारतात इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानके २०१३ मध्ये जाहीर झाली व २०१६ मध्ये सुधारण्यात आली. औषधांची नावे सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत, असा नियमही २०१६ मध्येच झाला. महाराष्ट्रातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत वापरात असलेली संगणकीय प्रणाली मात्र जुलै २०२२ मध्ये बंद पडली आणि केसपेपर पुन्हा हाताने लिहावे लागले.

यावरून एक निष्कर्ष निघतो. नोंदींचे सातत्य व त्यांवरील रुग्णालयाची मालकी यांची हमी नसेल, तर तंत्रज्ञान सुरक्षितता देत नाही. गारगोटीसारख्या तालुक्याच्या ठिकाणाहून कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात पाठविलेल्या रुग्णाबरोबर त्याची औषधे, मात्रा व ॲलर्जी यांची माहिती पोहोचली नाही, तर तेथील महागडे यंत्रही अपुरेच ठरेल. म्हणून सुधारणेचा आरंभ महानगरातील नव्या प्रणालीपासून नव्हे, तर ग्रामीण रुग्णालयातील पहिल्या नोंदीपासून होणे अगत्याचे आहे.