अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट

अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट (संक्षेप: एपीआय) ही अमेरिकेतील खनिज तेल व नैसर्गिक वायू उद्योगाची सर्वांत मोठी व्यापारी संघटना आहे. पहिल्या महायुद्धात इंधन पुरवठ्यासाठी सरकार आणि तेल कंपन्या यांच्यात जे सहकार्य झाले, त्यातून १९१९ मध्ये न्यूयॉर्क येथे तिची स्थापना झाली. मुख्यालय वॉशिंग्टन डी.सी. येथे असून सुमारे सहाशे कंपन्या तिच्या सभासद आहेत.

तांत्रिक मानके

१९२४ पासून ही संघटना तेल उद्योगासाठी तांत्रिक मानके प्रसिद्ध करते. खनिज तेल किती हलके वा जड आहे, हे जगभर 'एपीआय अंशां'त सांगितले जाते. भारतात विकल्या जाणाऱ्या इंजिन ऑइलच्या डब्यांवरही 'एपीआय' या अक्षरांपुढे त्याची प्रत दिलेली आढळते. सामान्य ग्राहकाला संघटनेची ओळख होते ती बहुधा एवढीच.

हवामान बदलाविषयीची भूमिका

संघटनेवरील टीकेचा मुख्य रोख तिला काय ठाऊक होते आणि तिने लोकांना काय सांगितले, यांतील तफावतीवर आहे. १९५९ मध्ये तिने कोलंबिया विद्यापीठासह भरवलेल्या परिसंवादात भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड टेलर यांनी कार्बन डायऑक्साइडमुळे बर्फ वितळून किनारी शहरे पाण्याखाली जाण्याचा धोका बोलून दाखवला. १९६८ मध्ये स्टॅनफर्ड संशोधन संस्थेने संघटनेसाठीच तयार केलेल्या अहवालातही तापमानवाढीचा इशारा होता.

असे असूनही, क्योटो करारानंतर १९९८ मध्ये संघटनेच्या पुढाकाराने एक प्रचारयोजना आखली गेली. हवामानशास्त्रातील अनिश्चितता सामान्य नागरिकांच्या मनावर ठसली की यश मिळाले असे मानावे, असे तिचे सूत्र होते. पत्रकार आणि शाळा यांच्यापर्यंत पोहोचण्याचाही तीत विचार होता. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने त्याच वर्षी ती उघडकीस आणली.

राजकीय प्रभाव

संघटनेचे माजी अधिकारी फिलिप कूनी २००१ मध्ये व्हाइट हाउसच्या पर्यावरण परिषदेत रुजू झाले. शासकीय हवामान अहवालांतील मजकूर त्यांनी सौम्य केल्याचे २००५ मध्ये वृत्तपत्रांतून प्रसिद्ध होताच त्यांनी राजीनामा दिला आणि ते एक्झॉनमोबिल कंपनीत गेले. २००९ मध्ये कार्बन उत्सर्जनावर मर्यादा घालणाऱ्या विधेयकाविरुद्ध 'एनर्जी सिटिझन्स' या नावाने जे मेळावे झाले, त्यांना तेल कंपन्यांनी आपले कर्मचारी पाठवावेत, असे संघटनेचे पत्र फुटले. विधेयक प्रतिनिधिगृहात मंजूर झाले होते. सिनेटमध्ये ते मतदानापर्यंत पोहोचले नाही.

अलीकडील घडामोडी

जून २०२० मध्ये मिनेसोटा राज्याने जनतेची दिशाभूल केल्याच्या आरोपावरून संघटनेवर दावा दाखल केला. हवामानविषयक मतभेदांमुळे फ्रान्सची तोताल ही कंपनी जानेवारी २०२१ मध्ये सभासदत्व सोडून बाहेर पडली. त्यानंतर दोनच महिन्यांनी संघटनेने कार्बनवर मूल्य आकारण्याच्या तत्त्वाला पाठिंबा जाहीर केला.