हा चावी हरवलेला मालक की चोर?

तर मंडळी, या वीकेंडचा विषय आहे गाडीची चावी. हसू नका! पासवर्ड, टोकन, ओटीपी यांवर आपण ऑफिसात आठवडाभर डोकं फोडतो आणि त्याच भानगडीचा शंभर वर्षांचा इतिहास खिशात किणकिणत असतो.

कोडं साधं आहे. रात्रीचे अकरा वाजलेत, पार्किंगमध्ये गाडीपाशी एक माणूस उभा आहे, जवळ चावी नाही, आणि त्याला गाडी सुरू करायची आहे. हा चावी हरवलेला मालक की चोर? गाडी बिचारी काय सांगणार, तिला दोघेही सारखेच. मालकाची सोय पाहावी तर चोराचं फावतं, आणि चोराची वाट अडवावी तर मालक रस्त्यावर बसतो. आपल्या भाषेत बोलायचं तर हा 'फरगॉट पासवर्ड'चा प्रॉब्लेम.

सुरुवातीला सगळा कल मालकाकडे होता. फोर्डच्या मॉडेल टीला १९१९ मध्ये इलेक्ट्रिक स्टार्टर मिळू लागला. या गाड्या एकूण दीड कोटी विकल्या गेल्या, पण त्यांच्या इग्निशनच्या चाव्यांचे प्रकार जेमतेम दोन डझन! वर कडी म्हणजे चावीचा नंबर स्विचवरच कोरलेला. म्हणजे पासवर्ड लॉगिन स्क्रीनवरच लिहून ठेवल्यासारखं. चावी हरवली? नंबर बघा, दुकानात जा, तशीच दुसरी घेऊन या. चोरालाही हाच रस्ता मोकळा होता.

पुढची काही दशकं भराभर ओलांडू. १९४९ मध्ये क्रायसलरने चावी फिरवताच इंजिन सुरू होण्याची सोय आणली. पश्चिम जर्मनीने १९६१ मध्ये स्टीअरिंग लॉकचा कायदा केला. जनरल मोटर्सने १९६९ च्या मॉडेल्सपासून इग्निशनचं कुलूप डॅशबोर्डवरून काढून स्टीअरिंगच्या दांड्यावर नेलं. पण हे सगळं पितळ आणि पोलादच. जाड स्क्रूड्रायव्हर आणि मनगटात जोर असला की काम होत असे.

खरी मजा १९८६ च्या कॉर्व्हेटपासून. जनरल मोटर्सने चावीच्या पात्यात एक छोटा रेझिस्टर बसवला. त्याचं मूल्य गाडी मोजणार, जुळलं तरच इंजिन सुरू. मूल्यं किती? फक्त १५! आपल्यापैकी कुणीही म्हणेल की हे तर चहा पिता पिता ब्रूट फोर्स होईल. पण त्या इंजिनियरांनी एक शहाणपणा केला. चुकीचं मूल्य आलं की गाडी काही मिनिटं कुणालाच दाद देत नसे. शुद्ध रेट लिमिटिंग, तेही १९८६ साली. सगळ्या १५ चाव्या आजमावत तेवढा वेळ कोण चोर उघड्यावर उभा राहील? मला हे डिझाइन भारी आवडतं. अडचण एवढीच की चावीवर मळ बसला किंवा आतली वायर तुटली, की खुद्द मालकही चोर ठरायचा.

मग चावीच्या प्लास्टिकच्या डोक्यात चिप आली. हिला बॅटरी लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवतीच्या कॉइलमधून तिला वीज मिळते, ती गाडीला उत्तर देते, आणि उत्तर पटलं नाही तर इंजिन चालू राहत नाही. हाच इममोबिलायझर. युरोपात १९९८ पासून नव्या गाड्यांना तो सक्तीचा झाला. (जाता जाता: अशी चावी तुटली तर डोकं फेकू नका! पातं कुणीही कापून देईल, जीव त्या डोक्यातल्या चिपमध्ये आहे.)

चिपचं गणितही फुटलं, नाही असं नाही. २००५ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए लॅबच्या संशोधकांनी लाखो गाड्यांत असलेल्या एका चिपचं ४० बिटांचं गुपित शोधून काढलं. पण बरेचसे चोर गणिताच्या वाटेला गेलेच नाहीत. ब्रिटनमध्ये ते सरळ घरांत शिरून चाव्या उचलू लागले, दारातल्या पत्रांच्या फटीतून काठीला आकडा लावून चावी ओढू लागले.

आणि दुसरी वाट म्हणजे तोच 'फरगॉट पासवर्ड'चा दरवाजा. चावी हरवलेल्या मालकाला नवी चावी तर मिळायलाच हवी, आणि तीही कंपनी सांगेल त्या भावाने नको, म्हणून युरोपीय नियमांनी बाहेरच्या गॅरेजनाही दुरुस्तीची माहिती देणं भाग पाडलं. योग्यच केलं. पण २०१२ च्या सुमारास ब्रिटनमधले चोर काच फोडून, गाडीच्या डायग्नोस्टिक सॉकेटला यंत्र जोडून, कोऱ्या चावीची नोंद करून बीएमडब्ल्यू घेऊन जात होते. तेही काही मिनिटांत! यंत्र तेच, सॉकेट तेच, माणूस तेवढा वेगळा.

फोर्डने अमेरिकेतल्या अनेक गाड्यांत यावर एक छान तोडगा काढला होता. नोंद झालेल्या दोन चाव्या हातात असतील तर तिसरी तुम्ही स्वतः जोडू शकता. एकच उरली असेल तर डीलरकडे किंवा चावीवाल्याकडे जा. दोन चाव्या म्हणजे मालकीचा पुरावा.

आता कुणी म्हणेल, एवढा ताप कशाला, जुनी साधी चावीच बरी. त्याचं उत्तर अमेरिकेने दिलं. तिथे इममोबिलायझरची सक्ती नाही. २०१५ च्या मॉडेल्समध्ये इतर कंपन्यांच्या ९६ टक्के मॉडेल्सना तो होता, ह्युंदाई आणि कियाच्या फक्त २६ टक्क्यांना. ज्या देशांत कायदा होता तिथे याच कंपन्या तो बसवत होत्या. मग काय! स्टीअरिंगखालचं कव्हर उचकटून, कुलूप ओढून काढून, तिथे यूएसबी केबलचं टोक घालून गाडी सुरू करण्याचे व्हिडिओ पसरले. मिलवॉकी शहरात २०२१ मध्ये चोरीला गेलेल्या गाड्यांपैकी दोन-तृतीयांश याच दोन कंपन्यांच्या होत्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये बफेलोत अशाच एका चोरलेल्या कियाच्या अपघातात चार किशोरवयीन मुलं गेली. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुमारे ८३ लाख गाड्यांसाठी सॉफ्टवेअर अपडेट जाहीर झालं. शिवाय पोलिसांमार्फत स्टीअरिंगला अडकवायचे लोखंडी दांडे फुकट वाटले. एका चिपचे पैसे वाचवले होते...

आपल्याकडे चावी हरवली तर ड्युप्लिकेट मिळण्यावर थांबू नका. पोलिसांकडे हरवल्याची नोंद करा, विमा कंपनीला लेखी कळवा. पुढे कधी गाडीच चोरीला गेली तर विमावाले सहसा सगळ्या मूळ चाव्या मागतात, आणि एक कमी असली की क्लेम लटकू शकतो. चिपवाली चावी असेल तर सर्व्हिस सेंटरला हरवलेली चावी गाडीच्या मेमरीतून पुसायला सांगा. उरलेल्या चाव्या सोबत न्या. त्यानंतर ती कुणाला सापडली तरी दार उघडेल, इंजिन मात्र सुरू होणार नाही. मॉडेल टीच्या मालकाला हे सुख नव्हतं.

कानस घेऊन फूटपाथवर बसणाऱ्या आमच्या कोथरूडच्या चावीवाल्याकडेही आता चिप वाचणारं मशीन आहे. मित्राबरोबर त्याच्याकडे गेलो होतो. त्याने मशीनला हात लावायच्या आधी आरसी बुक मागितलं, मग लायसन्स, आणि लायसन्सवरचा फोटो धरून मित्राच्या तोंडाकडे चांगलं निरखून पाहिलं.