आजार, अनुदान आणि अट

आरोग्यविषयक संशोधनासाठी अनुदान मागण्याचा अर्ज ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक असेल की त्यात संशोधकासाठी पुष्कळ जागा असते. नाव, पदव्या, हुद्दा, नोकरी कायम की तात्पुरती, प्रसिद्ध झालेले निबंध, यापूर्वी मिळालेली अनुदाने. संस्थेसाठीही जागा असते. ज्या माणसांच्या आजारावर संशोधन व्हायचे त्यांच्यासाठी मात्र एकच आकडा असतो : नमुना-संख्या. दोनशे, चारशे, हजार. मी इतिहास शिकवतो. वैद्यकाशी माझा संबंध नाही. पण सहकाऱ्यांचे असे अर्ज वाचून, शुद्धलेखन तपासून देण्याचे काम माझ्याकडे येते (घरात पहिल्यांदा पदवी घेतलेल्या माणसाला कागद वाचून देण्याची सवय लहानपणापासूनच लागलेली असते), आणि दर वेळी मी त्या आकड्यापाशी अडतो. या आकड्यातल्या माणसांनी सांगलीत एकदा अनुदान देणाऱ्यालाच नकार दिला. ती हकिकत, तिच्या मागच्या इतिहासासह, आपल्या वाचकांपुढे मांडावी असे बरेच दिवस मनात होते.

आज आपण सातारा आणि सांगली असे दोन जिल्हे म्हणतो, पण वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हा सगळा मुलूख १९४९ पर्यंत साताऱ्याचाच होता. त्या वर्षी दक्षिण सातारा जिल्हा निघाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली झाले. मिरज, सांगली, जत ही संस्थाने होती. म्हणजे रोगराई एक, रस्ते एक आणि जातीची उतरंडही एकच.

या देशात वैद्यकीय संशोधनाला सरकारी पैसा खऱ्या अर्थाने मिळू लागला तो प्लेगमुळे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग उघडकीस आला आणि व्यापाराचे बंदर धोक्यात आले. हाफकिन यांना कलकत्त्याहून बोलावून ग्रँट मेडिकल कॉलेजात अपुरी जागा दिली गेली. तिथे त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिली मात्रा स्वतःला टोचून घेतली. त्या माणसाचा हा मोठेपणा मान्य केलाच पाहिजे. त्यानंतरचा प्रयोग मात्र भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर झाला. कैदी स्वखुशीने पुढे आले असे म्हणतात. तुरुंगात स्वखुशी कशी असते याचा विचार वाचकांनीच करावा. पुढे आगाखानांनी आपला बंगला दिला, १८९९ साली सरकारने परळचे जुने गव्हर्नमेंट हाउस प्रयोगशाळेला दिले, आणि १९२५ पासून त्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव आहे.

त्याच वर्षी, १८९७ च्या मार्चमध्ये, सातारच्या मातीतल्या नायगावची एक बाई पुण्याजवळ प्लेगच्या रोग्यांची सेवा करत होती. सावित्रीबाईंच्या डॉक्टर मुलाने, यशवंताने, हडपसरजवळ माळावर दवाखाना थाटला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी पोराला पाठीवर घेऊन सावित्रीबाई तिथे आल्या, त्यांनाही लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. त्या दवाखान्यात लस शोधली गेली नाही, त्यामुळे विज्ञानाच्या इतिहासात त्याचा उल्लेख नसतो. पण महारवाड्यातल्या पोराला तिथे नाव होते. पांडुरंग बाबाजी गायकवाड हे नाव आजही आपल्याला माहीत आहे. भायखळ्याच्या कैद्यांपैकी एकाचे तरी नाव कुणाला माहीत आहे काय?

प्लेगच्या अनुभवातूनच सरकारला वाटले की संशोधनाला कायमचा निधी हवा. १९११ साली इंडियन रिसर्च फंड असोसिएशन स्थापन झाली आणि तिच्या नियामक मंडळाची पहिली बैठक १५ नोव्हेंबर १९११ रोजी मुंबईच्या प्लेग प्रयोगशाळेतच भरली. स्वातंत्र्यानंतर, १९४९ साली, याच संस्थेचे नाव भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद झाले. आज वैद्यकीय संशोधनाला पैसा देणारी देशातली प्रमुख सरकारी संस्था तीच आहे. तिचे मूळ लक्षात ठेवावे : शहराच्या आणि व्यापाराच्या भीतीतून निघालेला हा निधी आहे. खेड्यातल्या हागवणीला, बाळंतपणातल्या मरणाला तेवढी भीती कधी वाटली नाही.

मिरजेची गोष्ट वेगळी. तिथला पैसा सरकारचा नव्हता. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वॉन्लेस १८८९ साली या भागात आले आणि १८९४ साली मिरजेचे इस्पितळ सुरू झाले. वैद्यकीय शाळा, कुष्ठरोग्यांचा आश्रम, पुढे वॉन्लेसवाडीचे क्षयरोग्यांचे आरोग्यधाम असा त्याचा विस्तार झाला. अस्पृश्याला जिथे वैद्य नाडी हातात धरून पाहत नव्हता त्या काळात या इस्पितळाचे दार उघडे होते, आणि हे नाकारणे कृतघ्नपणा होईल. पण पैसा समुद्रापलीकडच्या भाविकांच्या खिशातून यायचा. त्या भाविकाला रोगी दाखवावा लागे, त्याचे दुःख दाखवावे लागे, आणि बरा झाल्यावरची त्याची कृतज्ञताही दाखवावी लागे. दात्याला काय आवडेल याचा विचार करून रोग्याची गोष्ट सांगण्याची ही रीत मिशनबरोबर संपली नाही. आजच्या स्वयंसेवी संस्थांच्या गुळगुळीत अहवालांत तीच रीत चालू आहे.

आता मी मुख्य विषयाकडे येतो. १९८६ साली भारतात एच.आय.व्ही.ची पहिली लागण मद्रासमधल्या धंदा करणाऱ्या बायांच्या रक्तात सापडली. १९९२ हे वर्ष महत्त्वाचे. त्या वर्षी राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना जागतिक बँकेच्या कर्जावर उभी राहिली, पुण्याला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था निघाली, आणि त्याच वर्षी सांगलीत संपदा ग्रामीण महिला संस्थेने, म्हणजे ‘संग्राम’ने, गोकुळनगरच्या बायांमध्ये निरोध वाटायला सुरुवात केली. पहिल्या दोघींकडे पैसा होता. तिसरीकडे त्या बायांचा विश्वास होता, आणि तोही लगेच मिळाला नसणार.

साथ मोजण्यासाठी रक्त लागते. पुढे दरवर्षी जी पाहणी होऊ लागली तिच्यात एक पद्धत होती : गुप्तरोगाच्या किंवा गरोदरपणाच्या तपासणीसाठी घेतलेल्या रक्तातले उरलेले रक्त, नाव काढून टाकून, एच.आय.व्ही.साठी तपासायचे. निकाल कुणाचा हे कुणालाच कळत नाही, तिलाही नाही. शास्त्राच्या दृष्टीने याला कारण आहे. नावे राहिली असती तर बाया तपासणीला आल्या नसत्या आणि आकडा खोटा निघाला असता. पण दुसऱ्या बाजूने पाहा. जिच्या रक्तातून देशाचा आकडा निघाला तिला तिच्याच रक्तात काय आहे हे सांगायचे नाही. औषध नव्हते त्या काळात निदान तसा युक्तिवाद करता येत होता. सरकारी मोफत औषधे सुरू झाली ती २००४ साली.

या बाया कोण? सांगली, मिरज, निपाणी, कोल्हापूर या पट्ट्यातल्या कितीतरी जणी देवदासी होत्या, सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या, आणि बहुतेक आपल्याच वस्त्यांतल्या. १९३४ चा मुंबई इलाख्याचा कायदा, १९८२ चा कर्नाटकचा कायदा, अलीकडचा महाराष्ट्राचा कायदा, सगळे झाले. १९७५ साली गडहिंग्लजला देवदासींची परिषदही झाली. तरी महारवाड्या-मांगवाड्यांतून पोरी जात राहिल्या.

१९९६ साली याच बायांनी वेश्या अन्याय मुक्ती परिषद स्थापन केली. निरोध वाटणारी, दवाखान्यात सोबत जाणारी, पोलिसांशी बोलणारी बाई आता बाहेरून आलेली ताई राहिली नाही. ती वस्तीतलीच होती. अभ्यासाला येणाऱ्या लोकांना त्या उलट विचारू लागल्या : हे कशासाठी, आम्हाला काय, लिहिलेले आम्हाला वाचून दाखवणार काय?

अशा वेळी २००३ साली अमेरिकेने एड्सविरोधी मदतीचा मोठा कायदा केला. कोट्यवधी डॉलर, आणि सोबत एक अट. पैसा घेणाऱ्या संस्थेने वेश्याव्यवसायाला आपला विरोध आहे असे धोरण लेखी जाहीर केले पाहिजे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये न्यूयॉर्क टाइम्सने बातमी दिली की एड्सवर संशोधन करणाऱ्या अमेरिकी शास्त्रज्ञांना अधिकारी खासगीत बजावत आहेत : अनुदानाच्या अर्जात धंदा करणाऱ्या बाया, समलिंगी पुरुष असले शब्द येऊ देऊ नका, अर्ज अडकेल. म्हणजे ज्यांचा रोग त्यांचे नावच अर्जातून गाळायचे. अस्पृश्यतेचे अनेक प्रकार आपण पाहिले आहेत, हा एक कागदोपत्री प्रकार.

ब्राझीलने २००५ साली या अटीपायी ४ कोटी डॉलर नाकारले. ब्राझील हे सार्वभौम राष्ट्र. त्याच वर्षी सांगलीतल्या ‘संग्राम’नेही ‘यूएसएड’ या अमेरिकी सरकारी संस्थेचा पैसा सोडला. मीना शेषू आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हिशेब सरळ होता : ज्या बायांच्या जोरावर काम उभे आहे त्यांच्याविरुद्ध सही करायची आणि मग त्यांच्याच वस्तीत निरोध घेऊन जायचे, हे कसे जमणार? जिल्ह्याच्या गावातल्या एका संस्थेने जगातल्या सर्वांत श्रीमंत सरकारला दिलेला हा नकार आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत कितीसा आला?

एक वर्ष आधी कंबोडियात असेच काही घडले होते. नोम पेन्हमधल्या धंदा करणाऱ्या बायांवर एका औषधाचा प्रयोग व्हायचा होता. त्यांच्या संघटनेने विचारले, औषधाचा त्रास पुढे तीस-चाळीस वर्षांत उद्भवला तर आमचा दवाखाना कोण करणार? उत्तर मिळाले नाही, आणि २००४ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या सरकारने प्रयोग थांबवला. आपल्याकडे २००९-१० साली आंध्रच्या खम्मम आणि गुजरातच्या वडोदरा जिल्ह्यांत मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस परदेशी देणगीच्या प्रकल्पातून टोचली गेली. खम्मममध्ये वसतिगृहांतल्या मुलींच्या संमतीपत्रांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्या होत्या. संसदेच्या समितीने २०१३ साली यावर कडक ताशेरे ओढले. वसतिगृहात कोणाच्या मुली राहतात हे आपल्याला सांगायला नको. मीही वसतिगृहातच शिकलो.

आता आपल्या चळवळीतला एक आक्षेप. काही कार्यकर्ते मला म्हणाले, अमेरिका जे म्हणते तेच बाबासाहेबांनी म्हटले होते. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये कामाठीपुऱ्यातील वेश्या, जोगतिणी, देवदासी यांच्यापुढे बाबासाहेब बोलले, आणि हा धंदा सोडा, तो समाजाला कलंक आहे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. मग पोट कसे भरायचे, या प्रश्नाचे त्यांनी गोड उत्तर दिले नाही. जगण्याचे शेकडो मार्ग आहेत, म्हणाले. हे भाषण झाकून ठेवण्याचे कारण नाही, आणि मला ते पटते. धंदा हे इतर कामासारखेच एक काम, ही परिषदेची भूमिका मला पूर्णपणे स्वीकारता येत नाही. यल्लम्माला सोडलेल्या सात वर्षांच्या पोरीच्या वतीने निर्णय जातीने घेतलेला असतो. नंतर तिने तो आपला मानला तरी त्याचा आरंभ विसरता येत नाही.

पण म्हणून दोन्ही गोष्टी एक होत नाहीत. बाबासाहेब त्या बायांशी बोलले. त्यांना सभेला बोलावले, समोर बसवले, स्वतःच्या लोकांना बोलावे तसे कठोर बोलले. अमेरिकेचा कायदा त्या बाईशी बोलतच नाही. तो संस्थेची सही मागतो. आणि सही नाही केली तर शिक्षा कोणाला? जिला निरोध आणि औषध मिळायचे तिला. धंदा सोडण्याची अट घालून इलाज रोखावा असे बाबासाहेब कधी म्हणाले नाहीत. ज्या अमेरिकी संस्थांना ही अट जाचली त्यांना त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली मोकळे केले. परदेशातल्या संस्थांना मात्र त्याच न्यायालयाने २०२० साली सांगितले की तुम्हाला हा हक्क नाही. वॉशिंग्टनमधल्या संस्थेला मत असू शकते, तिच्या परदेशातल्या भावंड-संस्थेला नाही.

पुढचे थोडक्यात. आपल्याच सरकारने २०२० च्या सप्टेंबरमध्ये परदेशी देणग्यांचा कायदा बदलला. एका संस्थेने दुसरीला परदेशी पैसा पुढे देणे बंद झाले आणि कार्यालयीन खर्चाची मर्यादा निम्म्यावरून २० टक्क्यांवर आली. तालुक्याच्या लहान संस्थांना मोठ्या संस्थेमार्फत जे मिळे ते आटले. २०२५ साली ‘यूएसएड’च गुंडाळली गेली, आणि अमेरिकेत संशोधनाच्या अर्जांतले शब्द पुन्हा तपासले जाऊ लागले. राहता राहिली आपली आयुर्विज्ञान परिषद. तिच्याकडे अर्ज करायला नियमित नोकरीतला संशोधक लागतो, संस्थेला मान्यता लागते. मिरजेचे सरकारी महाविद्यालय १९६२ पासून आहे, कऱ्हाडला आणि सांगलीला खासगी आहेत. त्यांना ते जमते. बायांच्या परिषदेला एकटीने जमत नाही. परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत ज्या समूहावर संशोधन व्हायचे त्याला आधीपासून सहभागी करून घ्यावे असे म्हटले आहे. मी वाचलेल्या अर्जांत त्याची एखादी ओळ असते, बहुतेक जुन्या अर्जावरून उतरवलेली.

सध्या माझ्यापुढे एका सहकारी बाईंचा अर्ज आहे, ऊसतोड बायकांच्या गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांवर. २०१९ साली बीड जिल्ह्यात सरकारी समितीने ८२ हजारांवर बायकांची पाहणी केली तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. त्या भागातल्या टोळ्या आमच्या वाळव्या-कऱ्हाडच्या फडांवर येतात. बाईंनी आधी फडावर जाऊन विचारले, काय शोधावे. बायकांनी पिशवीचे सांगितलेच नाही. कंबरेचे सांगितले, आणि फडावर आडोसा नाही, दिवसभर पाणी पीत नाही, हे सांगितले. तेव्हा अर्जाचा विषय बदलावा लागला, आणि नव्या विषयाला कोणत्या शीर्षाखाली पैसा मिळेल हे आम्ही शोधत आहोत. टोळ्या दिवाळीच्या सुमाराला येतात आणि मार्च-एप्रिलला गावी परततात. अनुदानाचे वर्ष एप्रिलला सुरू होते.