नवे हिम, जुना थर

अहमदनगरचा (आता अहिल्यानगरचा) भुईकोट किल्ला म्हटले की साहित्याच्या विद्यार्थ्याला 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' आठवतो. १९४२च्या ऑगस्टपासून १९४५च्या मार्चअखेरपर्यंत नेहरू येथे स्थानबद्ध होते. १९४४मध्ये तो ग्रंथ येथेच लिहिला गेला. त्याआधीचे, १९३६चे त्यांचे आत्मचरित्रही बहुतांशी तुरुंगातलेच. त्यातील एका हिमप्रसंगाकडे मात्र आपण साहसकथा म्हणूनच पाहत आलो आहोत.

प्रसंग १९१६च्या उन्हाळ्यातला. जोझिला ओलांडून नेहरू आणि त्यांचे एक चुलतभाऊ अमरनाथच्या दिशेने निघाले होते. वाटेत हिमक्षेत्रे होती, वरून हिम पडत होते. ताज्या हिमावर पाय पडला, ते खचले आणि नेहरू खालच्या प्रचंड भेगेत गेले. दोर टिकला म्हणून वाचले. पुढे भेगा वाढत गेल्या, त्या ओलांडण्याचे साहित्य जवळ नव्हते. गुहा न पाहताच परतावे लागले. निवेदन सुंदर आहे, यात वाद नाही. पण त्यातील खरे पात्र ताजे हिम आहे: ते केवळ झाकते, आधार देत नाही.

आपल्याकडे १,६४६ मीटरच्या कळसूबाईवरही हिम नाही, दरड मात्र आहे. भिजलेली माती खालच्या खडकावरून सुटते, हे अकोल्याच्या वाचकाला सांगावे लागत नाही. हिमकड्याचे मर्मही पुष्कळदा अशाच सांध्यात असते. हंगामाच्या आरंभी हिमाचा थर पातळ असतो. जमीन त्या मानाने उबदार, वरची हवा कडक थंड. त्यामुळे आतली वाफ वर सरकते आणि तळाचे कण साखरेसारखे मोठे, सुटे होतात. ते एकमेकांना धरत नाहीत. त्यांवर पुढे जड हिम साचले की तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर अख्खी लादी सुटू शकते. म्हणून जाणकार पृष्ठभागावर विश्वास ठेवत नाहीत. जमिनीपर्यंत खड्डा खणतात, थर बोटांनी चाचपतात, हिमाचा स्तंभ कापून त्यावर थापा मारून पाहतात. (पाठभेद तपासणाऱ्यांना ही शिस्त परकी वाटू नये.)

त्याच १९१६च्या डिसेंबरात, युद्धाच्या ऐन धुमाळीत, आल्प्समधील मार्मोलादा पर्वताखाली ऑस्ट्रियन सैन्याची एक छावणी होती. शत्रूच्या तोफांपासून जागा सुरक्षित. वरच्या उतारापासून नव्हे. हिमवृष्टी अतोनात झाली होती. छावणीचा प्रमुख कॅप्टन रुडोल्फ श्मिड याने धोका ओळखून ती हलवण्याची परवानगी लेखी मागितली. वरिष्ठांनी ती नाकारली. १३ डिसेंबरच्या पहाटे कडा सुटला आणि अडीचशेहून अधिक सैनिक गाडले गेले.

एकाच वर्षातील हे दोन हिमलेख. एक वाचलेल्या माणसाने जवळजवळ दोन दशकांनी, फुरसतीने लिहिलेला. दुसरा कड्याखाली बसून, कडा सुटण्याच्या आधी. आत्मचरित्रांच्या अभ्यासात आपण पहिल्या प्रकाराला फार जागा दिली आहे. श्मिडच्या अर्जाला शैली नसेलही, पण हिम कसे वाचावे हे त्याला नेहरूंपेक्षा अधिक ठाऊक होते, आणि त्याचे वाचक सेनाधिकारी होते.